आधी सुटा भाग दाखवा

कुमुदताई चिटणीस दुकानात गेल्या की वस्तू समोरून कधी बघत नसत, उलटी करून बघत. मिक्सर असो, पंखा असो, साधी इस्त्री असो. दुकानदार रंग आणि बटणं दाखवत असायचा आणि ताईजींचं लक्ष बुडाकडे. "ते सर्व ठीक आहे भिया, पहिले हे सांगा, हे खुलतं कुठून?" दुकानदाराला वाटायचं म्हातारीची गंमत आहे. तेवढ्यात ताईजी पर्समधून पिवळ्या मुठीचा पेचकस, म्हणजे आपला स्क्रू-ड्रायव्हर, काढून काउंटरवर ठेवायच्या. मग तो हसायचा थांबायचा.

एकदा मी त्यांच्याबरोबर पाण्याची किटली घ्यायला गेलो होतो. चकचकीत काचेची किटली, आत निळा दिवा लागायचा. ताईजींनी ती फिरवून फिरवून पाहिली. एकही स्क्रू नव्हता, सगळं डिंकानं चिकटवलेलं. त्यांनी ती दुकानदाराकडे सरकवली. "ह्याला तर दारच नाही. आजारी पडली तर आत जाणार कसं?" दुकानदार म्हणाला, आजारी पडली तर नवीन घ्यायची, आता कोण दुरुस्त करतं. ताईजी त्याला फार शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या दुकानात आजारी माणसं येतात की नाही? त्यांना पण हेच सांगता का?" आणि आम्ही जुन्या पद्धतीची स्टीलची किटली घेऊन बाहेर पडलो.

या सवयीवरून त्यांच्या नातेवाइकांत एक किस्सा सांगत. भाचीसाठी मुलगा बघायला गेल्या तेव्हा ताईजींनी म्हणे मुलाच्या आईला विचारलं, "रुसला तर खुलतो कुठून?" मी एकदा धीर करून त्यांना विचारलं, हे खरं का. त्या म्हणाल्या, "बिलकुल खोटं. मी इतकंच विचारलं होतं की मुलाला राग आला तर तो कोणाचं ऐकतो." मग जरा थांबून, "मतलब तोच होता, पण भाषा अशी नव्हती."

ताईजी हे नाव त्यांचं कोणी ठेवलं मला माहीत नाही. घरात ताई, आणि इंदूरचा जी त्याला येऊन चिकटला असेल. चिटणीसांचे पूर्वज होळकरांच्या कचेरीत लिहिणारे. ताईजींच्या पिढीपर्यंत त्यातलं अक्षर तेवढं राहिलं होतं, बाकी सगळे पगारावर जगणारे. त्या स्वतः एका कापड गिरणीच्या स्टोअरमध्ये होत्या, आणि गिरणी बंद झाल्यावर त्यांनी एका ट्रस्टच्या धर्मशाळेची व्यवस्था हातात घेतली. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत ही धर्मशाळा. देपालपूर, धार, खरगोन, कुठून कुठून पेशंट येतात, त्यांच्याबरोबरची माणसं इथं उतरतात. मी आजही तिथंच काम करतो.

मी किनवटकडचा. शाळा आठवीत सुटली, म्हणजे वडिलांच्या पाठीचं दुखणं आलं आणि मी सुटलो. त्यानंतर मिळेल ते काम. फरशी बसवणाऱ्या एका टोळीबरोबर फिरत फिरत इंदूरला आलो, धर्मशाळेच्या न्हाणीघरांत टाइल्स लावायला. हिंदी धड येत नव्हती. ठेकेदार कामावरून कधी काढेल याची भीती पोटात घेऊनच झोपायचो, अजूनही थोडीफार तशीच झोप लागते. काम संपलं तशी टोळी भोपाळला निघाली. मी उरलेल्या टाइल्स पुसून, रंगाप्रमाणे लावून, पोत्यात भरत होतो. दारात एक बाई उभ्या. किरकोळ अंगाच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली. त्यांनी विचारलं, हे कशाला ठेवतोस, ह्या तर उरलेल्या आहेत. मी घाबरून म्हणालो, चोरून नेत नाही, इथंच ठेवतोय. पुढं एखादी फुटली तर याच रंगाची मिळायची नाही.

त्यांनी माझं नाव विचारलं. गाव विचारलं. मराठी ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. मी आपणहूनच सांगून टाकलं, आठवीपर्यंतच शिकलोय. त्या म्हणाल्या, "ते मी विचारलं नव्हतं बेटा. भोपाळला जाणं जरुरी आहे का?"

जरुरी नव्हतं. अशी माझी नोकरी लागली. गच्चीवर एक खोली मिळाली, आणि खोलीच्या शेजारी ते मशीन.

हीट पंप हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कपाटाएवढी पेटी, वरच्या तोंडाला पंखा, शेजारी पाण्याची मोठी टाकी. सगळ्या मजल्यांवरच्या न्हाणीघरांना गरम पाणी तिथून. मला वाटलं आत कुठंतरी मोठी कॉइल तापत असेल. ताईजींनी मला खाली स्वयंपाकघरात नेलं, फ्रिजच्या मागं हात लावायला सांगितला. गरम लागला. "आतली गरमी खेचून बाहेर टाकतो ना हा? वर आहे ते मशीन बाहेरच्या हवेतली गरमी खेचतं आणि पाण्यात टाकतं. इतनी सी बात आहे. कंपनीवाले दोन तास सांगतात." मला ते जन्मभरासाठी समजलं. शाळेत असं कोणी फ्रिजच्या मागं हात लावायला लावला असता तर, असा विचार मी पुष्कळदा केला आहे.

ते मशीन ताईजींनीच घेतलं होतं. घेतानाची गोष्ट त्या वर्षातून एकदा तरी सांगत. कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, पंधरा साल आरामसे चलेगा. ताईजींनी विचारलं, पंधरा साल कोणाचे, मशीनचे की तुमच्या सुट्या भागांचे? तो गोंधळला. ताईजी म्हणाल्या, ह्यात सर्वांत पहिले काय बिघडतं ते आणून माझ्यासमोर ठेवा. "आधी सुटा भाग दाखवा, फिर मशीनची बात करू." शेवटी त्याला कबूल करावं लागलं की कॉम्प्रेसर दणकट असतो, टाकीही टिकते, पण कंट्रोल बोर्ड नाजूक. ताईजींनी मशीनबरोबर एक बोर्ड जादा मागितला. तो माणूस म्हणाला, "मॅडम, स्पेअर दूल्हा लेकर कोई बारात नहीं निकलती." ताईजी म्हणाल्या, "आमच्या मिलमधून निघायची." आणि जादा बोर्ड घेऊनच सोडला. तो खोक्यात घालून माळ्यावर गेला.

हे मिलमधलंच वळण होतं. तिथल्या स्टोअरचा नियम असा की जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. बेअरिंग हवंय, झिजलेलं बेअरिंग आणा. म्हणजे काय झिजतं, कुठं झिजतं, हे स्टोअरला आपोआप कळायचं आणि पुढचा भाग आधीच मागवला जायचा. धर्मशाळेतही तोच कायदा. नळाचा वायसर हवा असला तरी फाटका वायसर ताईजींच्या टेबलावर न्यावा लागे. त्या तो चष्म्यासमोर धरून बघत, जसा डॉक्टर एक्स-रे बघतो. "कोणी पिळला इतका? दुसऱ्या मजल्यावर कोण राहतंय, पहलवान?"

गिरणी बंद झाली त्याबद्दल त्या कमी बोलत. एवढंच सांगत की त्यांच्या वडिलांच्याही आधीचे माग तिथं चालत होते, कारण त्यांचे दाते, पट्टे, सगळं फडताळात होतं. मालकांनी एक दिवस फडताळं रिकामी करायला सांगितली, सगळे भाग वजनावर गेले. त्यानंतर माग एकामागून एक थांबले. "लोक म्हणतात मशीनं म्हातारी झाली होती. मशीनं नाही मेली बेटा. पहिले स्टोअर मेलं."

मात्र त्यांचं जुन्यावर आंधळं प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घरी तांब्याच्या टाकीचा एक गिझर होता, किती वेळा त्याची कॉइल बदलली असेल देव जाणे. मुलगा पुण्याहून आला की त्यावरून दोघांचं वाजायचं. एका हिवाळ्यात टाकीला पाझर फुटला. ताईजींनी दोनदा डाग लावून घेतला आणि तिसऱ्यांदा पाणी वायरपर्यंत आल्यावर त्याच दिवशी तो उतरवून घेतला. धर्मशाळेत येऊन स्वतःच सगळ्यांना सांगितलं, "टाकी गेली. आता दुरुस्त करणं म्हणजे फक्त माझा हट्ट. हट्टाला झटका लागतो." थर्मोस्टॅट मात्र त्यांनी काढून ठेवला होता.

आमच्या मशीनच्या टाकीला तसं होऊ नये म्हणून त्यांनी मला पहिलं काम शिकवलं ते टाकीतली कांडी बदलण्याचं. आपल्याकडे बोअरिंगचं पाणी खारट, ते लोखंड खातं. म्हणून टाकीत एक धातूची कांडी सोडलेली असते. पाणी टाकीला सोडून तिला खातं. जुनी कांडी बाहेर काढली तेव्हा ती उंदरानं कुरतडलेल्या मक्याच्या कणसासारखी दिसत होती. मी म्हणालो, खराब निघाली. ताईजी म्हणाल्या, "खराब नाही, इमानदार निघाली. कंपनी कधी सांगत नाही की ही बदला. टाकी सडली की टाकी विकता येते ना."

आता मशीन बंद पडलं तो हिवाळा सांगतो.

आमच्या ट्रस्टचे सचिव भार्गवजी. सज्जन माणूस, पेशंटच्या नातेवाइकांसाठी अर्ध्या हाकेला धावणारा. पण इंदूरच्या माणसाला स्वच्छतेचं जे वेड आहे ते भार्गवजींच्यात दुप्पट. आमच्या शहराचा पहिला नंबर येतो याचा त्यांना स्वतःच्या नातवाच्या नंबरापेक्षा अभिमान. पाहणी करणारे येणार असं कळलं आणि त्यांनी एका सकाळी सगळे माळे रिकामे करवून घेतले. ताईजी त्या आठवड्यात भाचीकडे महूला होत्या. कचऱ्याची गाडी आली, भार्गवजींनी उभं राहून ओला, सुका, काचेचा, विजेचा असा सगळा माल वेगवेगळ्या डब्यांत नीट घातला. गाडीवाल्यानं त्यांचं कौतुक केलं. त्यात विजेच्या डब्यात एक खोकं गेलं, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. स्पेअर दूल्हा त्यात होता.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मशीन चालू होतं. ते थांबलं पौषात, ऐन थंडीत. मी झाकण उघडलं तर बोर्डावर एक पाल जळून चिकटलेली. कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यानं बोर्ड बघितला, फोनवर बोलला, आणि म्हणाला की हे मॉडेल आता बंद झालंय, त्याचा बोर्ड येत नाही, पूर्ण मशीनच बदलावं लागेल. कॉम्प्रेसर चांगला आहे का, असं मी विचारलं. "एकदम चांगला भिया. पण त्याचं काय करणार?"

ताईजींनी माळ्यावरून जादा बोर्ड आणायला सांगितलं, आणि तेव्हा सगळा उलगडा झाला. भार्गवजींचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांची दया आली. ताईजी ओरडल्या नाहीत. "भार्गवजी, मिलच्या मालकांना महिना लागला होता. तुम्ही एका सकाळीत उरकलं." एवढंच बोलल्या, आणि ते त्यांना पुरलं.

पण त्यानंतर दोन दिवसांनी भार्गवजींनी मला बाजूला घेतलं. एक ठेकेदार तयार होता. तो नवीन मशीन स्वतः बसवणार, साफसफाई, देखरेख सगळी त्याची, माणसंही त्याचीच. ट्रस्टच्या डोक्याला ताप नाही. रविवारी कमिटीची बैठक होती, त्यात हे मंजूर होणार. भार्गवजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बालाजी, अभी से कहीं देख लो, मैं भी बोल के रखूंगा." चांगुलपणानंच म्हणाले. मी मान हलवली आणि गच्चीवर जाऊन बसलो. परत कुठं जायचं? गावाकडं आईला मी सांगून ठेवलं होतं की इथली नोकरी पक्की आहे. आठवी शिकलेल्याला दुसरा ठेकेदार विचारतो, काय येतं? आणि मला येत होतं ते एका मशीनपुरतं, तेही बंद पडलेलं.

खाली लोक गॅसवर पातेल्यात पाणी तापवून बादलीनं वर नेत होते. एक देपालपूरची बाई नवऱ्याला इस्पितळातून अंघोळीपुरतं इकडे आणायची, ती रोज रांगेत उभी राहून मला विचारायची, भैया, कल चालू होगा ना? मी हो म्हणायचो. दुसरं काय म्हणणार.

ताईजींना दम्याचा त्रास होता, जिने चढायची मनाई होती. त्या दिवशी त्या तीन मजले चढून गच्चीवर आल्या, उलट्या बादलीवर बसल्या, श्वास जागेवर येऊ दिला. मग म्हणाल्या, "खोल." मी झाकण उघडलं. "सांग, हे मशीन करतं काय?"

मी सांगायला लागलो. पाणी थंड झालं की पंप चालू होतो, मग पंखा, मग थोड्या वेळानं कॉम्प्रेसर. पाणी तापलं की सगळं बंद. आत दाब फार वाढला तर मध्येच बंद.

"आणि ह्यात बोर्ड काय करतो?"

"बोर्ड... नुसता हुकूम देतो."

"मग हुकूम देणारा दुसरा आणू. काम करणारे तर सर्व शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही महाराणी रोडला गेलो. तिथं इकबालभाई विजेचे पॅनल बांधतात. ते ताईजींच्याच गिरणीतले इलेक्ट्रिशियन. ताईजींना बघून उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "इनसे डर के रहना. मिल में इन्होंने मुझे एक बल्ब नहीं दिया कभी, जब तक फूटा हुआ जमा नहीं कराया." ताईजी म्हणाल्या, "आणि फुटलेला तुम्ही पाच वेळा तोच आणायचा. मला सर्व माहीत होतं." चहा आला. मग कागदावर रेघा मारणं सुरू झालं. तापमान बघणारा एक डबा, एक टायमर, मोठे स्विच. दाबाचा स्विच कंपनीचाच ठेवायचा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, यावर ताईजी ठाम. तो वगळला तर काम सोपं होतं, इकबालभाईंनी तसं सुचवूनही बघितलं. ताईजींनी चष्मा काढला. ते म्हणाले, ठीक है, ठीक है, मैं तो बस पूछ रहा था.

त्यांची दुसरी अट अशी की पॅनलमध्ये एकही वस्तू अशी नको जी फक्त इकबालभाईंकडे मिळते. सियागंजातल्या कुठल्याही दुकानात मिळाली पाहिजे. इकबालभाई कुरकुरले. "तो फिर मेरे पास लौट के कौन आएगा ताईजी?"

"मी येईन की. चहा चांगला असतो तुमचा."

शनिवारी दुपारी पॅनल बसलं. मी बटण दाबलं. पंप गुरगुरला, पंखा फिरला, आणि जरा वेळानं कॉम्प्रेसरनं तो ओळखीचा हुंदका देऊन श्वास घेतला. देपालपूरच्या बाईला मी जाऊन सांगितलं तेव्हा तिनं आधी नळाखाली हात धरला, मग माझ्याकडे बघितलं.

रविवारी कमिटी बसली. भार्गवजींनी प्रश्न विचारला तो रास्तच होता. कंपनी म्हणते बाहेरचं पॅनल धोक्याचं, उद्या काही झालं तर? ताईजी सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेल्या आणि त्यांच्यासमोर दाबाच्या स्विचची तार मला सोडायला लावली. मशीन तिथल्या तिथं बंद पडलं. जोडली, चालू झालं. "धोका आला की हे थांबतं. कमिटीत असे किती जण आहेत?" सगळे हसले. ठेकेदाराचा विषय पुढं ढकलला गेला. खाली उतरताना भार्गवजी म्हणाले, "वो सब ठीक, पर ताईजी, ये समझता तो अकेला बालाजी है. कल को ये चला गया तो?"

अकेला बालाजी. म्हणजे आता मला कोण काढतंय? मी बहुधा हसत असेन, कारण ताईजी जिन्याच्या कठड्याला धरून माझ्याकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलापाशी बोलावून सांगितलं, रेखाबाईला पॅनल शिकव. रेखाबाई आमच्याकडे झाडलोट करते, बोलते मालवीत, कामाला वाघीण. मी हो म्हणालो आणि शिकवलं नाही. आज पाणी भरायचंय, उद्या मोटर बघायचीय, तिला वेळ नाही, मला वेळ नाही. ताईजी रोज विचारायच्या, मी रोज काहीतरी सांगायचो. शेवटी एकदा त्यांनी खुर्ची दाखवली. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची वेळ कधी आली नव्हती. मी बसलो आणि तोंडातून खरं निघून गेलं.

"ताईजी, तिला आलं तर मग माझी काय गरज उरली?"

त्यांनी समोरची वायसरांची डबी उघडली. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक फिटर होता. एका मशीनची दुरुस्ती फक्त त्यालाच यायची, कोणाला बघू द्यायचा नाही. चादर टांगून काम करायचा. मुलीच्या लग्नात मंडपातून उठवून आणला होता त्याला मिलने. त्याला वाटायचं, आपल्याशिवाय चालत नाही. ज्या दिवशी मशीन भंगारात निघालं, त्या दिवशी मशीनबरोबर तोही निघाला. पहिला."

मी खुर्चीच्या कडेवर सरकलो.

"कंपनी काय करते रे? झाकण बंद ठेवते, म्हणजे लोक परत आपल्याकडेच येतील. तू पण तेच करतोयस. पण एक ध्यानात ठेव बेटा. जे उघडत नाही ना, ते बिघडलं की लोक दुरुस्त नाही करत. पूर्ण बदलतात."

त्यात राग नव्हता. त्यांनी डबी बंद केली आणि मला चहा आणायला पाठवलं.

रेखाबाई पहिल्या दिवशी पॅनलकडे बघूनच म्हणाली, "म्हारा से नी होयगा यो." आपल्याच्यानं हे व्हायचं नाही. मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजच्या मागं हात लावायला लावला. पुढच्या आठवड्यात ती मलाच सांगत होती की आज मशीनला ताप चढलाय, पंख्याची जाळी धुवायला हवी. जाळी खरंच तुंबली होती. मी ते ऐकलं आणि तिच्याआधी मीच जाळी काढायला धावलो, हे लपवणार नाही. पण नोकरी गेली नाही. ठेकेदारही आला नाही. पुढं भार्गवजींनीच नव्या वर्षीच्या साफसफाईत प्रत्येक खोक्यावर काय आहे ते लिहायचा नियम काढला आणि तो आपलाच शोध असल्यासारखा सगळ्यांना सांगितला. ताईजींनी त्यांना सांगू दिला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावाकडून फोन आला, आई अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. इंदूरला आल्यापासून मी गावी दोन रात्रींवर कधी राहिलो नव्हतो. गेलो तरी मन इकडंच, आपल्या जागी कोणी बसलं तर? ताईजींना सांगायला गेलो तेव्हा मी आधीच म्हणालो, चार दिवसांत येतो. त्या म्हणाल्या, "हाड चार दिवसांत जुळतं का? आई उठून चालायला लागली की ये." मी घुटमळलो. "बघतोस काय? रेखा आहे ना." त्यांचा श्वास तेव्हा बोलतानाही लागायला लागला होता. मी पाया पडलो, तर म्हणाल्या, गाडी चुकेल.

दोन गाड्या बदलून घरी पोचलो. आईला उचलून ठेवणं, न्हाऊ घालणं, सगळं मीच करत होतो. एवढा सलग मी तिच्याजवळ लहानपणानंतर नव्हतो. आणि एका दुपारी रेखाबाईचा फोन आला. ताईजी काल पहाटे गेल्या, झोपेतच. मुलगा पुण्याहून पोचला, जाळणंही झालं.

मी म्हणालो, मी निघतो. रेखाबाईनं ऐकून घेतलं नाही, ती सांगतच होती. माणसं फार आली होती, मिलमधली म्हातारी माणसं तर कुठून कुठून. इकबालभाई खांद्याला होते. ताईजींच्या घरी एवढ्यांच्या अंघोळी होणं शक्य नव्हतं, म्हणून स्मशानातून सगळे धर्मशाळेत आले. सगळ्यांना पाणी पुरलं. मध्येच मशीन थांबलं होतं, लाइट कमीजास्त झाली होती. तिनं वर जाऊन बघितलं, टायमर पुन्हा लावला, चालू झालं. भार्गवजी जिन्यात उभं राहून रडत होते. "तू घबराजे मती," ती म्हणाली. "थारी माँ कने रे." घाबरू नको, आईजवळच राहा, असं सांगत होती.

फोन ठेवून मी उंबऱ्यावर बसलो. रडू आलं ते आवरेना. आत आईनं फोनवरचं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. माझ्या नोकरीची काळजी तिला माझ्याइतकीच, ती मला तिच्याकडूनच आलेली.

"बाळ्या," ती आतून म्हणाली, "बोलावलं का रं तुला?"

"नाही."

"मग काढलं?"

"नाही आई," मी म्हटलं. "राहा म्हणाले."

मी उठलो, तिची उशी सारखी केली, आणि राहिलो.